तारीख ठरली, तयारी कुठे आहे?

बाणेरहून महाळुंग्याकडे निघालं की रस्त्यावर नव्या टॉवरांचे फलक दिसतात आणि त्यांच्या शेजारी हॉस्पिटलांचे. रोबोनं गुडघा बदलून मिळेल, दुर्बिणीनं पित्ताशय काढून मिळेल, लवकर घरी जाता येईल. फलकावर सर्जन असतो, यंत्र असतं, हसणारे आजी-आजोबा असतात. भूलतज्ज्ञ नसतो. रात्रपाळीची सिस्टर नसते. दुसऱ्या दिवशी पेशंटला धरून चालवणारा फिजिओथेरपिस्ट नसतो. ऑपरेशन म्हणजे टेबलावरचे दोन तास, हा आपला समज हे फलक आणखी पक्का करतात.

तो समज चुकीचा आहे आणि तो माणसं मारतो.

बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक अंदाज मांडला. जगभरात दरवर्षी सुमारे ४२ लाख माणसं ऑपरेशन झाल्यावर ३० दिवसांच्या आत दगावतात. एचआयव्ही, क्षयरोग आणि मलेरिया मिळून जितके बळी घेतात, त्याहून हे जास्त आहेत. यातले निम्मे मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले, म्हणजे आपल्यासारख्यांचे. यातला प्रत्येक मृत्यू ऑपरेशनमुळेच झाला असं कुणी म्हणत नाही. काहींचा मूळ आजारच मोठा असतो. पण जखमेत पू होणं, फुप्फुसात कफ साठणं, पायात रक्ताची गुठळी होणं, रक्त कमी पडणं, साखर भडकणं ही कारणं रोजची आहेत. त्यातली बरीच टाळता येतात, आणि ती टाळायची वेळ ऑपरेशनच्या आधीच्या चार आठवड्यांत आणि नंतरच्या तीस दिवसांत असते. त्या दिवसांची जबाबदारी सध्या कुणाचीच नाही.

उपाशीपोटाचंच बघा. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको,’ हे वाक्य प्रत्येक वॉर्डात ऐकू येतं. सकाळी दहाचं ऑपरेशन पुढे सरकत सरकत तीनवर जातं. तोवर सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या बाई पंधरा तास कोरड्या घशानं पडून असतात, डोकं दुखत असतं, हातापायांना घाम सुटलेला असतो. भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ नये, यासाठी उपाशी ठेवतात. ती भीती खरी आहे. पण भाकरी आणि पाणी यांत फरक आहे. साधं पाणी निरोगी पोटातून लवकर पुढे सरकतं. म्हणून अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९९ मध्येच सांगितलं की ठरवून केलेल्या ऑपरेशनला पाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास आधीपर्यंत चालतात, हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, आणि तळलेलं, मटणाचं जेवण असेल तर आठ तास जाऊ द्यावेत. गरोदरपण, आतड्यातला अडथळा, जुन्या मधुमेहानं मंदावलेलं पोट अशा वेळी नियम बदलतो. तो कसा बदलायचा हे भूलतज्ज्ञ ठरवेल. पण पाव शतक उलटलं तरी सगळ्यांना सरसकट रात्री बारापासून कोरडं ठेवणं चालू आहे, कारण ते वॉर्डाला सोपं पडतं. यादी कधी पुढे-मागे होईल सांगता येत नाही, म्हणून सगळेच उपाशी. वॉर्डाच्या सोयीसाठी पेशंटला तहानलेलं ठेवणं, याला रुग्णसेवा म्हणता येत नाही.

डेन्मार्कमधले सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात अशा एकेका सवयीला प्रश्न विचारला. पेशंट अजून खाटेवर का आहे? नळी कशासाठी? तोंडानं खायला का देत नाही? मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस ठेवायची रीत होती, तेव्हा त्यांचे अनेक पेशंट दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागले. त्यांच्याकडे जादूचं औषध नव्हतं. आधी नीट समजावणं, विनाकारण उपाशी न ठेवणं, दुखणं नीट काबूत ठेवणं, लवकर उठवणं, लवकर खायला घालणं हे सगळं एकत्र आणि रोज केलं, इतकंच. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांना हे सगळं ठाऊक आहे. ते सगळ्या पेशंटांपर्यंत पोचत नाही.

आता आपल्याकडची बाजू. घरात लग्नाची तारीख ठरली की महिनाभर आधी याद्या होतात. ऑपरेशनची तारीख ठरली की आपण फक्त दोन प्रश्न विचारतो, ‘कोण करतंय?’ आणि ‘कॅशलेस होईल ना?’ हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा, महाळुंग्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट, लातूरहून किंवा जळगावहून आलेले आई-वडील. मुलाच्या रजेप्रमाणे तारीख ठरते. आदल्या संध्याकाळी भरती, रात्री रक्ताच्या तपासण्या, आणि भूलतज्ज्ञाची पहिली गाठ ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, दाराशी. मधल्या वेळात एक ‘फिटनेस’ मिळालेला असतो. फिटनेसचा कागद म्हणजे तयारी नव्हे. त्या कागदावर हिमोग्लोबिन ८ लिहिलेलं असतं आणि कुणी काही करत नाही, कारण आता करण्यासारखं काही उरलेलं नसतं. लोहाच्या गोळ्यांना आठवडे लागतात. शिरेतून लोह दिलं तरी रक्त वाढायला वेळ जातो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे या वयात ऑपरेशनच्या टेबलावर येणाऱ्या साधारण निम्म्या बायका आधीच कमी रक्तानिशी येत असणार. ठरवून करायच्या ऑपरेशनची तारीख देतानाच हिमोग्लोबिन बघा आणि कमी असेल तर तारीख पुढे घ्या, एवढं करायला कुठलं यंत्र लागतं?

तंबाखूचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी धूम्रपान सोडलं तर गुंतागुंत कमी होते, आणि चारच्या पुढे गेलेला प्रत्येक तंबाखूमुक्त आठवडा पेशंटला १९ टक्के जास्त फायदा देतो. आपल्याकडे खिशात पुडी ठेवून माणूस भरती होतो, बाई मिश्री लावून ओटीत जाते, आणि विचारलं तर सून किंवा मुलगा परस्पर ‘नाही, काही व्यसन नाही’ म्हणून सांगतो. हे खोटं कुणाच्या उपयोगाचं? गोळ्यांबद्दलही हीच लपवाछपवी चालते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या मोठ्या ऑपरेशनच्या साधारण तीन दिवस आधी थांबवायच्या असतात. नाहीतर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची आणि कधी मुळीच थांबवायची नाही, हे डॉक्टरच सांगू शकतात. वैद्यांचा काढा, जडीबुटीचं चूर्ण, शेजारणीनं दिलेली वजनाची गोळी, सगळं भूलतज्ज्ञाला सांगा. तिथे लाजून काही मिळत नाही.

आणि सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न: हे ऑपरेशन लागतं का?

बीडच्या ऊसतोड बायकांनी हा प्रश्न कुणाला विचारायचा होता? पोटदुखी आणि पांढरं जाणं यांसाठी त्यांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. बोभाटा झाला तेव्हा २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अनेक जणी चाळिशीच्या आतल्या. मुकादमाची उचल डोक्यावर असल्यामुळे टाके सुकण्याआधीच मोळी उचलायला गेलेल्या. आधीचा विचार नाही आणि नंतरची विश्रांती नाही. फक्त मधलं कापणं तेवढं झालं, कारण पैसे त्याचेच मिळतात. महाराष्ट्रानं ऑपरेशनबद्दल शिकायचा सगळ्यात मोठा धडा बीडमध्ये आहे आणि तो आपण एका जिल्ह्याची बातमी म्हणून बाजूला ठेवला.

चांगल्याची उदाहरणंही आपलीच आहेत. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या १,६०० बायकांवर देशातल्या ११ केंद्रांत एक प्रयोग केला. निम्म्या जणींना, गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं, गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. दात काढताना देतात तेच हे औषध, शंभर रुपयांच्या आसपास खर्च. सहा वर्षांनंतर इंजेक्शन दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के जिवंत होत्या, न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्जन तोच, ऑपरेशन तेच, टेबलही तेच. आधीच्या दहा मिनिटांत एक स्वस्त गोष्ट केली, एवढाच फरक. महागड्या यंत्राबद्दल विचारणाऱ्या नातेवाइकांनी या शंभर रुपयांबद्दलही विचारायला शिकलं पाहिजे. तसाच आणखी एक अभ्यास २०२२ मध्ये आला, भारतासह सात देशांतला, १३ हजारांवर पेशंटांचा. पोटाच्या ऑपरेशनमध्ये टाके घालण्याआधी हातमोजे आणि अवजारं बदलली तर जखम पिकण्याचं प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतं. हातमोजे बदलायला किती वेळ लागतो?

आणखी एक उदाहरण आपल्याच मातीतलं. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यात उटी नावाचं गाव आहे. तिथल्या गावंडे घराण्यातले आत्माराम गावंडे अमेरिकेत जाऊन सर्जन झाले. त्यांचा मुलगा अतुल गावंडे, तोही सर्जन. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या नेतृत्वाखाली ऑपरेशनची १९ मुद्द्यांची तपासयादी तयार झाली, २००८ मध्ये ती जगापुढे आली. तीन वेळा थांबायचं: भूल देण्याआधी, सुरी लावण्याआधी, पेशंट ओटीतून हलवण्याआधी. पेशंट हाच का, बाजू हीच का, ॲलर्जी आहे का, अँटिबायोटिक वेळेत दिलं का, बोळे मोजले का, हे मोठ्यानं विचारायचं. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. पण पुढचा भागही सांगायला हवा. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं ही यादी सक्तीची केली. तिथल्या १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास २०१४ मध्ये आला, आणि मृत्यूंत म्हणावी अशी घट दिसली नाही. कागद भरला म्हणून पेशंट वाचत नाही. ऑपरेशन संपल्यावर सगळ्या चौकटींत एकदम टिक करून फाईलला लावलेली यादी आणि न लावलेली यादी सारखीच. आपल्या हॉस्पिटलांच्या भिंतीवर मानांकनाची प्रमाणपत्रं असतात; आत ओटीत सर्जनला ‘सर, थांबा’ म्हणायची हिंमत सिस्टरला आहे का, यावर तिथली सुरक्षितता ठरते.

आणि ते वस्तऱ्यानं केस काढणं एकदाचं बंद करा. आदल्या रात्री वॉर्डातले मामा येतात, वस्तरा फिरवतात, कातडीवर बारीक चिरा पडतात आणि जंतूंना रात्रभर घर मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलंय की केस शक्यतो काढूच नका, काढावेच लागले तर क्लिपरनं काढा, वस्तरा कधीही वापरू नका.

ऑपरेशन झालं. आता खरी परीक्षा, आणि आता परीक्षा घरच्यांची.

पेशंटच्या हातात तीन रंगीत गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलेलं असतं. बहुतेक घरांत पेशंट त्यात फुंकतो. ते फुंकायचं नसतं. नळी ओठांत धरून श्वास हळूहळू आत ओढायचा, गोळ्या वर गेल्या की क्षणभर धरायचा. फुप्फुसाचा तळ उघडावा म्हणून ते असतं. हे कुणी दोन मिनिटं बसून शिकवलेलं नसतं, म्हणून यंत्र बिलात येतं आणि खिडकीत पडून राहतं. चालण्याचंही तसंच. ‘आईंना आराम करू द्या’ म्हणत आपण त्यांना आठ दिवस पलंगावर ठेवतो आणि त्याला माया समजतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पेशंटला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवायचं असतं. पडून राहिल्यानं पायात गुठळी होते, छातीत कफ साठतो, स्नायू झपाट्यानं झिजतात.

आणि पथ्य! वरण खाल्लं की टाके पिकतात, भात खाल्ला की जखम चिघळते, अंडं उष्ण, दही थंड. मग पेशंटला पंधरा दिवस पेज आणि तांदळाची खीर. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि ती डाळीत, दह्यात, अंड्यात, माशांत असतात. जखम पिकते ती जंतूंमुळे, वाढलेल्या साखरेमुळे, न धुतलेल्या हातांमुळे. वरणाला दोष देऊन आपण आपल्या माणसाला उपाशी ठेवतो. कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांचं ऐका. बाकीच्यांनी पहिल्या परवानगीला वरण वाढा.

मग डिस्चार्ज. बिल मंजूर होईपर्यंत संध्याकाळ होते, आणि घाईत एक इंग्रजी समरी हातात पडते. ताप किती आला की यायचं, जखमेतून काय आलं की यायचं, पोटरी सुजली तर कुणाला फोन करायचा, हे मराठीत, ठळक अक्षरांत, एका पानावर का नसतं? महाळुंग्यातल्या सोसायटीत राहणारा मुलगा इंटरनेटवर शोधेल, दुसरा डॉक्टर गाठेल. त्याच मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीच्या घाटमाथ्यावरचा धनगर किंवा कातकरी पेशंट काय करेल? त्याला पौडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, सोबतच्याचीही बुडते. तो येत नाही. घरीच हळद भरतो.

सरकारी योजनेचं गणितही तपासा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. गरिबाला मोठं ऑपरेशन परवडू लागलं, हे तिचं मोठं काम, आणि ते मी कमी लेखणार नाही. पण पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरचा पाठपुरावा धरला तो दहा दिवसांचा. काही निवडक उपचारांना पाठपुराव्याची वेगळी पॅकेजेस आहेत, सगळ्यांना नाहीत. जखमेचा संसर्ग जगभर मोजतात तो ३० दिवसांपर्यंत, सांधा बदलण्यासारख्या ऑपरेशनात ९० दिवसांपर्यंत. अकराव्या दिवशी ज्याची जखम वाहू लागली, तो कुणाचा? या प्रश्नाला शासनानं उत्तर द्यावं. ऑपरेशनच्या आधी रक्त वाढवायला, साखर आटोक्यात आणायला, व्यसन सोडवायला पैसे कशातून द्यायचे, याचंही.

उपाय शोधायला डेन्मार्कला जायची गरज नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवलं, त्या घरोघरी जाऊन बाळ तपासू लागल्या, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा जातात. ऑपरेशन होऊन आलेल्या माणसाकडे ३० दिवसांत तीन वेळा कुणी का जाऊ नये? तापमापक, साखरेचं यंत्र, जखमेचा मोबाइलवर फोटो आणि हॉस्पिटलात तो पाहणारी एक सिस्टर. करोनात बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा फोनवर सांगणं साध्यासुध्या घरांना जमलं होतं. आशाताईंवर हे काम फुकट लादू नका मात्र. त्यांच्या पाठीवर आधीच खूप ओझी आहेत, त्यामुळे या भेटींचे पैसे पॅकेजमधूनच वेगळे काढा.

महाळुंगे ३० जून २०२१ रोजी बावीस इतर गावांसह पुणे महापालिकेत आलं. रस्ता, पाणी, कचरा यांवर इथले लोक भांडतात, आणि भांडायलाच हवं. त्या भांडणात ही एक मागणी जोडा: पालिकेच्या दवाखान्यात ऑपरेशनआधीची तपासणी आणि नंतरचं ड्रेसिंग, दोन्ही रोज आणि गावाजवळ मिळालं पाहिजे. मुळशीच्या वरच्या गावांसाठी जिल्हा परिषदेनं हेच प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावं.

आणि तुमच्या घरात कुणाच्या ऑपरेशनची तारीख ठरली असेल, तर भरतीच्या दिवसाची वाट बघू नका. याच आठवड्यात भूलतज्ज्ञाची वेळ मागा, पेशंटच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या, आणि घरी आल्यावर रात्री दोन वाजता ताप आला तर उचलला जाईल असा फोन नंबर लिहून घेतल्याशिवाय डिस्चार्ज पेपरवर सही करू नका.